चुकांची भिशी

यमुनाताई, तुमच्यासाठी आणलेला हार मी तुमच्या आईच्या फोटोला घातला.

त्यात सगळा दोष माझा नाही. कोन गावातल्या तुमच्या घरात मी शिरलो तेव्हा टेबलावरचा तुमचा फोटो आधीच हारांखाली गडप झाला होता, आणि भिंतीवर मला एक मोकळा फोटो दिसला. तेच कपाळ, तेच ठसठशीत नाक, समोरच्याकडे ‘बोल, काय करून आलास’ असं बघणारे तेच डोळे. चष्मा मी गाडीत विसरलो होतो. हार घातला, हात जोडले, डोळे मिटले आणि मनसोक्त गहिवरलो. डोळे उघडले तर शेजारी तुमचे भाऊ दशरथशेठ उभे. म्हणाले, "डाक्टर, ताई ती टेबलावर हाय. पन ऱ्हाऊ द्या आता. आयला पन लय वर्सांत कोनी हार घातला न्हाय." शेजारी रडत बसलेल्या बायकांपैकी दोघींनी तोंडाला पदर लावला. तुम्ही असता तर पदरही लावला नसता, सरळ हसला असता.

हे तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडेना. इतकी वर्षं माझी काहीही फजिती झाली की वाईट नंतर वाटायचं. आधी वाटायचं, चला, गुरुवारची सोय झाली.

तुम्ही गेल्यापासून लोक मला विचारतात, एरवी एकमेकांच्या पेशंटवर डोळा ठेवून असणारे भिवंडीतले बालरोगतज्ज्ञ आणि त्यांच्या नवजात बाळांच्या नर्सरीतल्या सिस्टर महिन्यातून एका गुरुवारी वळ गावच्या गोदामात जमून करतात तरी काय? मी सांगतो, भिशी. गुरुवारच का? तर शुक्रवारी लूम, म्हणजे यंत्रमाग, बंद, कारागिरांना सुट्टी, म्हणजे आपल्या ओपीडीत जत्रा. त्याच्या आदल्या दुपारी जरा निवांतपणा असतो. आणि गोदाम का? तर एकाच्या दवाखान्यात जमलो की दुसऱ्याच्या पोटात दुखणार. ज्याने कुणाच्याच पोटात दुखणार नाही अशी जागा तुम्ही शोधलीत ती दशरथशेठच्या गोदामातला एक कोपरा. त्यामुळे कमी दिवसांच्या, कमी वजनाच्या बाळांबद्दलचं या गावातलं बरंचसं शहाणपण मिक्सरच्या खोक्यांवर बसून सांगितलं गेलं आहे. फोर्कलिफ्ट मागे घेताना टीं-टीं वाजायची, आणि आपण सगळेच्या सगळे दचकून मॉनिटर शोधू लागायचो. हमालांना वाटत असणार, ही माणसं नक्की काहीतरी चोरायला आली आहेत.

साध्या भिशीत सगळे देतात आणि ज्याची चिठ्ठी निघेल तो घेतो. तुमच्या भिशीत ज्याची चिठ्ठी निघेल त्याने द्यायचं आणि बाकीच्यांनी घ्यायचं. द्यायची ती स्वतःची चूक. "एका दवाखान्यात असं झालं" अशी कुणी सुरुवात केली की तुमचा हात वर जायचा. मीपासून सुरू कर, म्हणायचात. आणि सांगून झालं की लगेच "अहो, होतं असं" म्हणून पाठ थोपटायला बंदी. आधी प्रश्न. त्या वेळी तुला काय दिसत होतं? शेजारी कोण होतं? कुणाला विचारावंसं वाटलं होतं का, आणि मग का नाही विचारलंस? पाठ थोपटायची ती नंतर, तांदळाची भाकरी आणि सुकटीच्या चटणीबरोबर. शाकाहारी मंडळींना बटाट्याची भाजी मिळायची आणि वर तुमची कीव.

पहिली चिठ्ठी माझी निघाली. डब्यात त्या दिवशी सगळ्याच चिठ्ठ्या माझ्या नावाच्या असणार, असा माझा जुना संशय आहे. तुम्ही तो कधी मान्य केला नाहीत, नाकारलाही नाहीत.

मी सांगितली ती निळ्या बाळाची गोष्ट. तुम्हाला ती आधीच ठाऊक होती, कारण त्या गोष्टीत फोनच्या दुसऱ्या टोकाला तुम्हीच होतात. माझी नर्सरी नवी, मी नवा, काविळीचं पहिलंच बाळ निळ्या दिव्याखाली ठेवलेलं. राउंडला गेलो आणि बघतो तर काय, बाळ निळं. ओठ निळे, पाय निळे. मी धावलो, ऑक्सिजन लावला, बाळाच्या बापाला अँब्युलन्स आणायला पिटाळलं आणि तुम्हाला फोन केला की ताई, बाळ निळं पडलंय, तुमच्या नर्सरीत पाठवतोय. तुम्ही शांतपणे विचारलंत, दिवा बंद केलास का? मला वाटलं, म्हातारीला विजेच्या बिलाची पडली आहे. तरी बंद केला. बाळ छान गुलाबी होतं. त्याने जांभई दिली. मी तसं सांगितलं. मग फोनवर तुमचा तो आवाज आला, "पोर निलं न्हाय रं गायकवाड. तुझी लाइट निली हाय."

गोदामात हशा पिकला. सगळ्यात जास्त हसले ते आपले खानसाहेब, भिवंडीतले सगळ्यात जुने बालरोगतज्ज्ञ. हसताना त्यांनी शेजारच्या खोक्यावर इतक्या थापा मारल्या की आतल्या मिक्सरची काळजी वाटावी. आणि मग ते एकदम थांबले. म्हणाले, "मेरा उल्टा हुआ था." त्यांच्याकडे त्या दिव्याखालचं एक बाळ खरोखर निळं पडत होतं, आणि दिव्यामुळेच निळं दिसतंय म्हणून बराच वेळ कुणाला काही वाटलं नव्हतं. बाळ वाचलं, पण थोडक्यात. त्यांची चिठ्ठी निघालेली नव्हती. त्यांनी आपण होऊन सांगितलं, कारण माझं हसू झालेलं त्यांनी पाहिलं आणि मी त्यातूनही जिवंत होतो. त्या दिवसापासून गावातल्या प्रत्येक नर्सरीत राउंडच्या वेळी आधी निळा दिवा बंद होतो आणि बाळ साध्या उजेडात बघितलं जातं. कुणी परिपत्रक काढलं नाही. एक येडपट चूक आणि एक गंभीर चूक शेजारी-शेजारी बसल्या, एवढंच.

तुम्ही मात्र मला बाजूला घेऊन म्हणालात, तू चूक सांगतोस का लग्नात किस्सा सांगतोस? मी म्हटलं, ताई, देवाने जे दिलं ते वापरतो.

कांगारूचंही तसंच. कमी वजनाचं बाळ आईच्या किंवा बापाच्या उघड्या छातीशी बांधून ठेवलं की ऊब मिळते, श्वास नीट चालतो, हे तुम्ही आम्हाला इतक्या वेळा सांगितलंत की मला झोपेतही म्हणता येईल. आया तयार व्हायच्या. लूमवरचे बाप सदरा काढायला लाजायचे. मी तक्रार केली, तर तुम्ही म्हणालात, तू कधी काढून दाखवलास? झालं. मी दाखवला. नर्सरीच्या बाहेरच्या खोलीत सदरा काढून, प्लास्टिकची बाहुली दुपट्ट्याने छातीशी बांधून मी एका बापाला समजावून सांगत होतो, आणि भावनेच्या भरात बाहुलीला जोजवतही होतो. दार उघडून त्या बापाची सासू आत आली. तिने आधी मला पाहिलं, मग बाहुलीला पाहिलं, मग वॉचमनला हाक मारली. त्या बापाने मात्र दुसऱ्या दिवशी निमूटपणे सदरा काढला. माझ्यापेक्षा वाईट दिसणं शक्य नाही, अशी त्याची खात्री पटली असावी. हे सांगितल्यावर तुम्हाला हसताना टेबल धरावं लागलं होतं. तो तुमचा टेबल धरलेला हात मला अजून दिसतो. बाळाला हात लावण्याआधी नुसतं उभं राहून त्याच्याकडे बघत राहायचात, तेव्हाही तो तसाच बाळाला ऊब देणाऱ्या वॉर्मरच्या कडेवर असायचा. बघता बघता तुमचा स्वतःचाही श्वास संथ व्हायचा. मी तुमच्याकडून घेतलेलं सगळ्यात मोठं शिक्षण ते, आणि ते तुम्ही कधी शिकवलं नाहीत.

आता आफरीनबद्दल. त्यावरून आपलं भांडण झालं आणि ते तसंच राहिलं.

डॉ. आफरीन आपल्यात वयाने सगळ्यात लहान. कल्याण रोडवर तिचा नवा दवाखाना, नर्सरी छोटी पण लख्ख. तिची चिठ्ठी निघाली तेव्हा तिने लपवाछपवी केली नाही. एका बाळाच्या हाताला सलाईन होतं. थंडी वाजू नये म्हणून हात छान गुंडाळून ठेवलेला. त्या गुंडाळीच्या आत सुई शिरेतून निसटली, सलाईन कातडीखाली जात राहिलं, हात सुजला आणि ते उशिरा कळलं. कातडी गेली, जखम झाली, भरली, वण राहिला. बाळाचा हात चांगला चालतो. पण तिने ते बाळाच्या आईला सांगितलं तो प्रसंग सांगताना तिचा आवाज फुटला होता. त्या आठवड्यात आपण सगळ्यांनी आपापल्या नर्सरीत जाऊन बाळांचे गुंडाळलेले हात मोकळे केले. सुईची जागा दिसली पाहिजे, हे आपण पुस्तकात वाचलेलं होतंच. पण पुस्तकाचा आवाज कधी फुटत नाही.

आणि मग ते बाहेर गेलं. वाईट हेतूने गेलं असतं तर निदान कुणावर रागावता आलं असतं. आपल्यातल्याच एका सिस्टरने घरी कौतुकाने सांगितलं की बघा, एवढी डॉक्टर, पण आपली चूक चारचौघांत कबूल करते. तिच्या जावेने ते बिल्डिंगमध्ये सांगितलं. बिल्डिंगमधून ते तीन बत्तीच्या नाक्यावर पोचेपर्यंत सुजलेला हात कापलेला हात झाला होता. आफरीनची ओपीडी रिकामी पडायला लागली. तुमच्या ओपीडीत बायका विचारायच्या, तेव्हा तुम्ही मोठ्याने सांगायचात की चूक झाली, तिने सांगितली, म्हणून माझ्याकडच्या पोरांचे हात वाचले, आता तिच्याकडेच जा. आफरीनने तुम्हाला हात जोडून फोन केला, "मॅडम, प्लीज आता काही बोलू नका. जितकं सांगाल तितकं वाढतंय." आणि ती भिशीला यायची थांबली. तिच्यामागोमाग आणखी दोघे. बाकीचे यायचे, पण ज्याची चिठ्ठी निघेल तो मशीन बिघडल्याच्या गोष्टी सांगायचा. मशीनची बदनामी होत नाही.

मी म्हटलं, ताई, नावं काढून टाकू. पेटी ठेवू. ज्याने त्याने चूक लिहून टाकायची, आपण वाचायची, शिकायचं, संपलं. चूक महत्त्वाची, माणूस कशाला? तुम्ही म्हणालात, आणि प्रश्न कुणाला विचारायचा, पेटीला? मी म्हटलं, माणसाची अब्रू जाते त्याचं काय? तुम्ही म्हणालात, अब्रू जाते म्हणून माणूस काढून टाकलास तर उरते ती बातमी. आणि बातम्या वाचून कुणी शहाणं झालेलं मी पाहिलं नाही. मी तुम्हाला हट्टी म्हटलं. तुम्ही मला ‘किस्सेवाला’ म्हणालात. दोघांचंही खरं होतं. पुढचे दोन गुरुवार आपण एकमेकांशी फक्त चटणीबद्दल बोललो.

त्यानंतर तुमचं दुखणं निघालं. पोटातलं, वाईट, आणि फार पुढे गेलेलं. तुम्हाला रिपोर्ट वाचून कुणी समजावून सांगायची गरज नव्हती, त्यामुळे आमची पंचाईत झाली. तुमच्यासमोर खोटी आशा दाखवायची सोयच नव्हती.

शेवटचा भेटायला आलो तेव्हा तुम्ही कोनला, मागच्या खोलीत खिडकीशी पडून होतात. मी वाटेत ठरवून आलो होतो की आज बोलायचं. मला म्हणायचं होतं की मी इथे टिकलो तो तुमच्यामुळे. मी या गावात पाटी लावली तेव्हा सरळसरळ तुमच्या पोटावर पाय आला होता, तरी माझी पहिली नर्सरी लावायला तुम्ही स्वतः आलात आणि वॉर्मर कुठे नको ते दाखवलंत. हे सगळं म्हणायच्या ऐवजी मी डाळिंब सोलत बसलो. त्यातले निम्मे दाणे तुमच्या पांढऱ्या चादरीवर सांडले, मी ते पुसायला गेलो आणि चादरभर लाल केलं. दशरथशेठ आत आले आणि घाबरले. तुम्ही म्हणालात, "काय झाला न्हाय. गायकवाड आलाय."

मग तुम्ही आफरीनचं विचारलंत. येते का? मी म्हटलं, येईल. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. येईल म्हणजे येत नाही, एवढं तुम्हाला कळत होतं. मी पुन्हा पेटीचं काढलं. कशाला काढलं, देव जाणे. आजारी माणसाशी भांडू नये हे मला कळतं. पण तुम्ही आजारी आहात हे मला तोपर्यंत पटलेलं नव्हतं.

तुम्ही डोळे मिटून म्हणालात, "पुढल्या खेपेला भांडू. आज दम न्हाय." आणि थोड्या वेळाने, मिटल्या डोळ्यांनीच, "ती पोर आली न्हाय तर भिशी बंद कर. नुसत्या भाकऱ्या खायला जमू नका."

पुढली खेप आली नाही.

त्यानंतरचा पहिला गुरुवार आला तेव्हा मी आफरीनला फोन केला. ती म्हणाली, "मॅडमसाठी येते, सर. बसेन. बोलणार नाही." मी म्हटलं, बोलूच नकोस, मी सोय केली आहे. ताई, मी काय सोय केली होती हे ऐकून तुम्ही वरूनच काहीतरी फेकून माराल. भांडणात समोरचा माणूस उरला नाही की आपलंच खरं वाटू लागतं. मी बाजारातून एक स्टीलची पेटी आणली होती, वर फट, बाजूला कुलूप. घाईत बघितलं नाही, तिच्यावर लाल अक्षरांत ‘गुप्तदान’ असं रंगवलेलं होतं.

वळच्या गोदामात सगळे आले. तुमच्याबद्दल चांगलं बोलले. इतकं चांगलं की एका क्षणी मला वाटलं आपण कुणा दुसऱ्याच्याच शोकसभेला आलो आहोत. तसा माझा लौकिक आहेच. मग मी उठून पेटी पुढे केली, सारख्या आकाराचे कोरे कागद वाटले आणि छोटंसं भाषण केलं. नाव नाही, गाव नाही, फक्त चूक. आता कुणाला भीती नको. सगळ्यांनी हाताआड कागद धरून, परीक्षेत बसल्यासारखं लिहिलं, घड्या घातल्या आणि पेटीत टाकल्या. मी पेटी हलवली, कुलूप उघडलं, पहिला कागद काढला आणि उलगडला. वाचायला तोंड उघडणार, तेवढ्यात शेजारून आफरीनकडच्या मुख्य सिस्टर, आपल्या लताबाई, कागदाकडे बघून म्हणाल्या, "खानसाहेब."

मी म्हटलं, सिस्टर, नाव घ्यायचं नाही. त्या म्हणाल्या, "मी कुठे घेतलं, अक्षराने घेतलं."

दुसरा कागद काढला. तिघांनी एकदम ओळखला. ताई, मी या गावात इतकी वर्षं काढली, आणि एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही की आपण सगळे इतकी वर्षं एकमेकांची अक्षरं वाचूनच जगतो आहोत. रात्री-अपरात्री एकमेकांकडे पाठवलेल्या बाळांसोबतचे कागद, औषधांचे डोस, ‘कृपया बघावे’. एकमेकांचे चेहरे विसरू, पण कुणाचा चार सातासारखा दिसतो हे विसरून चालत नाही. ते वाचताना चुकलं तर बाळ जातं. तिसरा कागद तर कुणालाच वाचता येईना. तो सगळीकडे फिरला, उलटा धरून झाला, उजेडाकडे नेऊन झाला आणि शेवटी एकमताने माझा ठरला. मलाही तो वाचता आला नाही. त्या दुपारची ती एकच चूक खरोखर निनावी राहिली.

खानसाहेबांनी पुन्हा खोक्यावर थापा मारायला सुरुवात केली होती. फार दिवसांनी सगळे हसत होते. मी हसण्याच्या नादात चौथा कागद उलगडला. त्यावर काहीच नव्हतं.

"कोरा आहे," मी म्हटलं.

आफरीन खाली बघत म्हणाली, "माझा आहे." हसणं थांबलं. ती म्हणाली, "मी काय लिहू, सर? चूक झाली की नाही तेच मला कळत नाहीये. बाळ आत्ता माझ्याकडे आहे."

ताई, आपल्या भिशीत आजवर सगळ्या चुका झालेल्या होत्या, थंड झालेल्या. गरम चूक कुणी आणली नव्हती. तिचं काय करायचं ते कुणालाच माहीत नव्हतं. मग आफरीननेच सांगायला सुरुवात केली, मीपासून.

दिवस भरायच्या बऱ्याच आधी झालेली मुलगी. वाढत होती, काचेच्या पेटीतून खाटेवर आणलेली, नळीने आईचं दूध. दोन दिवसांपासून मध्येच श्वास थांबायचा. पायाला चोळलं की परत सुरू. अशा बाळांचा थांबतो, हे आपल्याला माहीत आहे, त्याचं औषधही सुरू होतं. पण थांबणं वाढत चाललं होतं. रक्ताच्या तपासण्यांत जंतू सापडत नव्हते, तरी तिने औषध बदललं होतं. त्या सकाळपासून तिला मुंबईला हलवायचं घाटत होतं; आत्ता दोन सिस्टर तिच्यापाशी बसवून आफरीन आली होती. बाप लूमवरचा, मुंबईत ओळख नाही, आणि वाटेत ट्रॅफिकमध्ये श्वास थांबला तर? हलवणं चूक, की इतका वेळ न हलवणं ही चूक? "मैं फिर लेट तो नहीं हो रही, एवढंच मला कुणीतरी सांगा," ती म्हणाली.

आणि प्रश्न सुरू झाले. तुम्ही शिकवलेले, त्याच क्रमाने. कधी थांबतो? दुधानंतर? नाही, खास असं नाही. झोपेत? बहुतेक वेळा. खाटेवर असताना? हो. खानसाहेबांनी विचारलं, "माँ के सीने पे?"

आफरीन बोलायला लागली आणि थांबली. तिने लताबाईंकडे बघितलं. दोघींनी मनातल्या मनात मागचे दोन दिवस उलटून पाहिले. "नाही," ती म्हणाली. "आईच्या छातीशी असताना एकदाही नाही."

पेटीला हा प्रश्न विचारता आला नसता, ताई. तुमचं ऐकू आलं मला तेव्हा. अगदी स्पष्ट, सुकटीच्या वासासकट.

भाकऱ्या तशाच राहिल्या. वळहून गाड्या निघाल्या. एरवी एकमेकांच्या दवाखान्याच्या दारावरून जाताना मान वळवून पेशंट मोजणारे आम्ही सगळे आफरीनच्या दवाखान्याच्या पायऱ्या चढलो आणि तिच्या एकुलत्या एका बेसिनसमोर रांगेत उभे राहिलो. घड्याळं काढलेली, बाह्या कोपरापर्यंत वर. लताबाई नर्सरीच्या दारात आडव्या उभ्या. दोघांनीच आत जायचं, बाकीचे बाहेर. ही नर्सरी आहे, जत्रा नाही. खानसाहेब आणि मी आत गेलो. मी का, तर रांगेत मी पुढे घुसलो होतो.

मुलगी खाटेवर झोपली होती. हनुवटी छातीकडे झुकलेली, जराशीच. खानसाहेब तुमच्यासारखे नुसते बघत उभे राहिले. मला नुसतं उभं राहणं जमत नाही, म्हणून मी एका फार दुर्मिळ आजाराबद्दल बोलायला सुरुवात केली आणि बोलता बोलता खाटेच्या उशाकडच्या कडेवर हात टेकला. लताबाई ओरडायच्या आत, माझ्या हाताखाली चादरीच्या आत काहीतरी करकरलं.

चादर उचलली. खाली पोळीएवढी, बारीक टाक्यांची एक उशी. आत राई, म्हणजे मोहरी, भरलेली. बाळाचं डोकं गोल व्हावं म्हणून घरोघरी शिवतात तसली. मुलीच्या दादीने शिवलेली, आणि दूध द्यायच्या वेळी आत आली असताना सगळ्यांची नजर चुकवून गादीवर सरकवलेली. एवढीशी उशी, पण त्या चिमुकल्या मानेला ती डोंगर होती. मान पुढे मुडपायची आणि वाऱ्याची वाट अरुंद व्हायची. आईच्या छातीशी मान सरळ राहायची.

दादीला बोलावलं. दारातच थांबली बिचारी. तिला वाटलं, आता पोलीस. आफरीनने उशी तिच्या हातात दिली आणि फक्त म्हणाली, "दादी, सर बाद में गोल कर लेंगे. पहले साँस सीधी चलने दो." ज्या आफरीनच्या नावावर गावाने कापलेला हात खपवला होता, तिने त्या म्हातारीला एका शब्दाने दोष दिला नाही. मी हे मुद्दाम बघून ठेवलं, तुम्हाला सांगायला.

उशी काढली आणि चमत्कार झाला, असं नाही. संध्याकाळी श्वास दोनदा थांबला, औषधाचा डोस बघितला, मान सरळ ठेवायला खांद्याखाली बारीक घडी दिली, आईला जास्त वेळ आत बसवलं. मग थांबणं विरळ झालं आणि काही दिवसांत गेलं. मुंबईला न्यावं लागलं नाही. ती आता घरी आहे. डोकं तिचं, प्रामाणिकपणे सांगायचं तर, जरासं लांबटच आहे.

म्हणजे तुम्ही जिंकलात का? अर्धं. नावाशिवाय प्रश्न विचारता येत नाही, हे मी लेखी द्यायला तयार आहे, फक्त ते कुणाला वाचता येणार नाही. पण चूक होऊन गेल्यावरच आणायची, हा जो तुमचाही समज होता आणि माझाही, तो त्या पोरीने मोडला. आता ती म्हणते, महिन्याची वाट कशाला बघायची, अडलं की फोन करायचा, त्याच दिवशी. भिशीचा कारभार तिने कधी हातात घेतला ते मला कळलंसुद्धा नाही. माझ्याकडे फक्त चटणीचं खातं उरलं आहे, आणि परवा मी त्यात मीठ दोनदा घातलं.

आणि एक राहिलंच. आम्ही सगळे बेसिनपाशी रांगेत उभे होतो तेव्हा आफरीनच्या बाहेरच्या बाकांवर बरीच मंडळी बसलेली होती. मांडीवर पोरं, हातात फायली. गावातले झाडून सगळे पोरांचे डॉक्टर एकामागून एक, हात धुऊन, मान खाली घालून आत जायची वाट बघताहेत, हे त्यांनी डोळे भरून पाहिलं. एका बाईने मला हळूच विचारलं, काय चाललंय? मी उत्तर देणार होतो, पण लताबाईंनी मला गप्प बसायची खूण केली. माझ्या बोलण्याने काय होतं ते त्यांना माहीत आहे.

संध्याकाळपर्यंत बातमी तीन बत्तीला पोचली होती. भिवंडीतले सगळे मोठे डॉक्टर त्या कल्याण रोडवरच्या मॅडमकडे शिकवणीला जातात. खानसाहेबसुद्धा. आणि तो गायकवाड म्हणे नापास होतो, म्हणून त्याला रोज बोलावतात.

मला कालही दोघांनी विचारलं, खरं का हो? मी म्हटलं, अगदी खरं.